शिल्लक राहिलेली मतं

हल्ली माझ्या मताला फार भाव आला आहे. सिलिंडर दारात टेकवून माणूस जिना उतरतो न उतरतो तोच मोबाइल विचारतो, आमची सेवा कशी वाटली? रिक्षातून उतरले की विचारणा, बँकेतून बाहेर पडले की विचारणा. मागे दाढ काढून घरी आले, अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा, आणि तिथूनही निरोप हजर: आपला अनुभव चार शब्दांत सांगा. आयुष्यभर घरात माझं मत कुणी इतक्या आदराने विचारलं नव्हतं. साधं सोफ्याचं कापड ठरवतानासुद्धा नाही.

या आदरामागचं कारण कुरियरच्या पोराने सांगितलं. मिक्सरचं भांडं घेऊन आला होता. "काकू, पाच स्टार द्या हां. चार दिले तरी आमचं रेटिंग पडतं." भांडं अजून खोक्यात, खोकं चिकटपट्टीत, आणि मी जिन्यात उभी राहून पाच तारे देते आहे! तेव्हापासून मी सरसकट सगळ्यांना पाच देते. तारे म्हणजे मत नव्हे, ती बक्षिसी आहे. आणि पदरचं काही जात नसताना हात आखडता घेण्याइतकी मी कोती नाही.

त्यामुळे झालं असं, की खरी मतं साठून राहिली. त्या भांड्याबद्दल मला नेमकं काय म्हणायचं आहे ते कळायला दोन पावसाळे जावे लागतात. ओल्या नारळाची चटणी, इडलीचं पीठ, दिवाळीची पिठीसाखर, सगळं त्यातून फिरून व्हावं लागतं, झाकणाची रबरी रिंग ढिली पडावी लागते. तोवर कंपनी विचारायचं विसरून गेलेली असते. मत मुरायला वेळ लागतो, आणि मुरल्यावर ते मागायला कुणी येत नाही. तेव्हा अशी काही न मागितलेली मतं इथे मांडून ठेवते. पटली नाहीत तर सोडून द्यावीत.

वाचनापासून सुरुवात करते, त्यात भांडणं कमी होतात. लग्नाकार्यात भेटलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "सध्या नवीन काय वाचताय?" मी खरं ते सांगते, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. समोरचा चेहरा जरा उतरतो. १९०७ साली छापलेलं पुस्तक नवीन कसं? पण मला ते या खेपेला नवीनच निघालं, त्याला मी काय करणार!

कॉलेजच्या वयात ते वाचलं होतं झाशीच्या राणीसाठी. मधली तीर्थक्षेत्रं, स्नानं आणि यज्ञयाग भराभर उलटायचे आणि झाशीच्या वेढ्यापाशी येऊन थांबायचं. या खेपेला वाचलं ते खुद्द विष्णुभटजींसाठी. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. अशात बातमी येते, की बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. घरच्यांची समजूत घालून, काकांना बरोबर घेऊन हे निघतात. साल १८५७. दक्षिणेसाठी घर सोडून उत्तरेला जायला याहून वाईट वर्ष शोधून सापडलं नसतं, आणि हे तर पंचांग जाणणारे!

मग जे व्हायचं ते झालं. बंडाची धुमाळी, १८५८ च्या मार्च-एप्रिलात झाशीला इंग्रजांचा वेढा आणि भटजी नेमके आत, नंतरची कत्तल, लुटालूट. हाताशी आलेला पैसा पुन्हा पुन्हा लुटला जातो. पहिल्यांदा वाचताना या लुटीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आता मी प्रत्येक लुटीला थांबत होते, आणि आता याच्यापाशी उरलं किती, याचा हिशोब करत होते. संसार केलेल्या बाईने ऐतिहासिक पुस्तक वाचलं की असं होतं. शेवटी हा गृहस्थ घरी परततो तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन. कर्ज फेडायला गेलेला मुलगा आईवडिलांना गंगेचं स्नान घालतो. जमाखर्चाच्या वहीत हे कुठल्या बाजूला लिहायचं, ते भटजींनाही ठरवता आलं नसावं.

काल्पीच्या वाटेवरची विहिरीची हकिकत सगळ्यांना माहीत असते. तहानलेली, धुळीने माखलेली राणी, आणि भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले तर त्यांना थांबवून स्वतः पाणी काढणारी. विशीत तो प्रसंग वाचून मला रडू आलं होतं. आता लक्षात येतं की भटजी स्वतः मात्र रडत बसलेले नाहीत. घडलं ते सांगितलं आणि पुढे चालू लागले. त्या जागी आजचा कुणी लेखक असता तर विहिरीच्या काठावर त्याने आपल्याला दोन पानं बसवून ठेवलं असतं.

हे सगळं त्यांनी लिहून काढलं ते घटनेनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि छापलं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. याला मुरवणं म्हणतात! वैद्यांनी छापताना मजकुरावरून बराच हात फिरवला होता. मूळ बाडाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. माझं मत पोतदारांच्या बाजूने. वैद्यांचे भटजी पाटावर बसून बोलतात, पोतदारांचे चालता चालता.

बाकीच्या वाचनाचं थोडक्यात सांगते. 'रुचिरा' हे मी अलीकडे स्वयंपाकासाठी नाही, झोपण्यापूर्वी वाचते. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याची मापं देऊन नवशिक्यांच्या कितीतरी पिढ्या तारल्या, हे सगळेच सांगतात. मला त्यातली धीर देणारी शांतता आवडते. जगात काहीही होवो, अमुक इतक्या वाट्या रवा भाजला की शिरा होणार, अशी खात्री देणारं दुसरं पुस्तक माझ्या कपाटात नाही. ज्या जाडजूड कादंबऱ्या उताणं पडून छातीवर धरता येत नाहीत, त्यांच्याविषयी माझं मत प्रतिकूल आहे, मग त्यांना कुठलंही पारितोषिक मिळालेलं असो. एकदा तरी अशी कादंबरी झोपेत नाकावर पडलेल्या माणसाला हे पटेल.

आणि 'कालनिर्णय'च्या पानांमागचे लेख. १९७३ पासून घराघरांत भिंतीला पाठ करून लटकलेलं हे वाचन. ते वाचायचं तर दिनदर्शिका खिळ्यावरून काढावी लागते, आणि काढली की घरातल्या कुणाला तरी नेमकी त्याच क्षणी संकष्टी कधी आहे ते बघायचं असतं किंवा दुधाचा खाडा मांडायचा असतो. म्हणून आमच्याकडे फेब्रुवारीचा लेख मार्चमध्ये वाचून होतो. त्याने काही बिघडत नाही. पाककृती शिळ्या होत नाहीत.

पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर भिलारचं सांगते. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली. फरक असा, की तिथे पुस्तकं विकतात आणि आपल्याकडे नुसती वाचायला ठेवली आहेत. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या, पडव्या त्यासाठी दिल्या. एका घरात कविता, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात बालसाहित्य. लोकांच्या घरात सरळ शिरायचं, कपाटातलं पुस्तक काढायचं आणि बसायचं.

तिथे जायचं तर एसटीने जावं, हे माझं दुसरं ठाम मत. यात अर्ध्या तिकिटाचा वाटा आहे हे नाकारत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्म्या भाड्याची सवलत झाली आणि आमच्या घरातला सत्तेचा समतोल जरा हलला. नवरा पूर्ण तिकिटात, मी अर्ध्या, आणि खिडकी मात्र अर्ध्या तिकिटाला. पासष्टीला त्यालाही अर्धं लागेल आणि पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. म्हातारपणाकडे इतक्या आशेने पाहणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

पण एसटीचा खरा गुण तिकिटात नाही, तिच्या उंचीत आहे. मोटारीतून गावं दिसतात ती कंपाउंडच्या भिंतींपर्यंत. एसटीच्या खिडकीतून भिंतीपलीकडचं दिसतं. कुणाच्या गच्चीवर कुरडया वाळताहेत, कुणाच्या अंगणात शेळी व्यायली आहे, कुणाच्या नव्या बंगल्यामागे जुनं कौलारू घर तसंच ठेवलं आहे आणि सगळं बिऱ्हाड राहतं आहे त्या जुन्यातच. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला बस वळेपर्यंत मला साताऱ्याच्या उत्तर भागाची घरगुती परिस्थिती बऱ्यापैकी कळलेली असते. शेजारी बसलेल्या बाईंकडून उरलेली कळते. वाईला दहा मिनिटं थांबा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी या गावात बसून मराठी विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढं मोठं काम राजधानीत न होता कृष्णेकाठच्या एका तालुक्याच्या गावी झालं, याचं मला दर वेळी बरं वाटतं. मग पसरणीचा घाट. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला ते महाराष्ट्राने मुळात त्यांच्याच आवाजात ऐकलं. घाट चढताना आमच्या बसच्या इंजिनाचा आवाजही त्याच पट्टीत लागला होता.

भिलारबद्दल मत मात्र संमिश्र. कल्पना सुरेख, माणसं अगत्याची. एका घरातल्या आजींनी मला दोन वेळा चहा विचारला आणि एकदाही "काय शोधताय?" असं विचारलं नाही, ग्रंथपालाकडून याहून जास्त काही मागू नये. पण पुस्तकं तिथेच वाचायची असतात. मी एक आत्मचरित्र उघडलं, रंगले, नायकाचं लग्न ठरलं आणि संध्याकाळची बस आली. ते लग्न झालं की मोडलं, ते मला अजून माहीत नाही. मुक्काम केल्याशिवाय भिलारला जाऊ नये. शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी पुस्तकांसमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांच्या मागे पुस्तकं दिसत नाहीत. पावसाळ्यात तिकडे धुकं इतकं असतं की अक्षरंही दिसायची नाहीत. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आडवारी जावं, हाताला लागलेला रस आधी धुवावा आणि मगच कपाट उघडावं.

येताना नवऱ्याने मोबाइलवरचा नकाशा लावला. बसमध्ये! म्हणजे चालक गाडी चालवणार, कंडक्टर घंटी मारणार आणि आमचे हे खिडकीशेजारी बसून त्या दोघांवर लक्ष ठेवणार. वाईच्या अलीकडे नकाशातली बाई म्हणाली, उजवीकडे वळा. चालक सरळ गेला. "चुकला," हे म्हणाले. चालक नाही, बाई चुकली होती. पण तंत्रज्ञानावरची माणसाची श्रद्धा अशी एका वळणाने ढळत नाही.

तंत्रज्ञानाविषयी माझ्या वयाच्या बायकांकडून लोकांना दोनच मतं अपेक्षित असतात. एक तर "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", नाहीतर "बघा, मीसुद्धा शिकले". मला तिसरं मत आहे. यंत्राची परीक्षा त्याच्या बोलण्यावरून करावी. ते कुणासाठी बोलतं आहे?

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पैसे आल्याचं ओरडून सांगणारी डबी आहे. दोन्ही हात मेथीच्या जुड्यांत, एक डोळा तराजूवर, दुसरा गाईवर. "तीस रुपये प्राप्त झाले" हे तिला ऐकू आलं की तिचं काम झालं. तिला पडद्याकडे बघावं लागत नाही, गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. यूपीआय २०१६ साली आलं तेव्हा हे शहरी कौतुक आहे असं मला वाटलं होतं. ही डबी आल्यावर ते भाजीवालीचं झालं. ही डबी बोलते ती जिच्यासाठी बोलायला हवं तिच्यासाठी, आणि चार शब्द बोलून गप्प बसते. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर लिमलेटची गोळी ठेवण्याची पद्धतही त्यामुळे गेली. एसटीच्या तिकिटामागे कंडक्टरने लिहून दिलेला उरलेल्या पैशांचा आकडा आणि तो वसूल करण्यासाठी उतरताना केलेली धडपड, हेही आता कमी होत जाईल. त्या धडपडीला कुणी मुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

याउलट आमचं कपडे धुण्याचं यंत्र. काम झालं की ते गाणं वाजवतं. चांगलं लांबलचक, दोन कडव्यांचं असावं. तीन खोल्यांच्या घरात ते थांबलेलं आम्हाला कळणार नाही, असं कुणाला वाटलं असेल? धोबीघाटावरच्या माणसानेही कधी पीळ दिल्यावर तान घेतली नसेल. फ्रिजही तसाच. दार अर्धा मिनिट उघडं राहिलं की टीं टीं करतो. कोथिंबीर कुठल्या कप्प्यात आहे ते आठवायला मला अर्ध्या मिनिटाहून अधिक लागतं, हे त्याला कोण सांगणार?

मराठीत बोलून टाइप करण्याची सोय मात्र मला मनापासून आवडते. बहिणीचे आणि माझे निरोप त्यामुळे पूर्वीच्या पत्रांइतके लांब झाले. ते यंत्र मला बहुतेक वेळा बरोबर ऐकतं; फक्त आमच्या आडनावांपुढे ते हात टेकतं आणि दर वेळी नवी घराणी जन्माला घालतं. पूर्णविराम ते देत नाही. बहिणीचा निरोप एका दमात वाचावा लागतो, आणि ती बोलतेही तशीच, त्यामुळे तक्रार कुणाविरुद्ध करायची हा प्रश्नच आहे. ऐकायची पुस्तकंही मी घेते. मेथी निवडताना, वाल सोलताना कादंबरी छान ऐकू येते. कविता नाही, कवितेला वाल बाजूला ठेवावे लागतात.

आता घर. माझी सर्वांत ठाम मतं स्वयंपाकघरातली आहेत आणि ती तिथेच अडकून पडली होती.

आपल्याकडचा मिक्सर हा भारतीय वाटणाने घडवलेला आहे. सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरातलं जर्मन यंत्र आपल्या वाटणापुढे टिकेना, तेव्हा त्यांनी तगडी मोटर घालून स्वतःचं यंत्र केलं. १९६३ सालचा तो 'सुमीत'. माझ्या आईचा सुमीत तिच्या संसाराच्या शेवटापर्यंत चालला. त्याच्या आवाजाने शेजाऱ्यांना आमच्याकडे आज काय आहे ते कळायचं. त्याने मात्र कधी विचारलं नाही, कशी वाटली सेवा म्हणून.

मुलीने बेंगळुरूहून पाठवलेल्या वस्तूंपैकी सिलिकॉनचं उलथणं उत्तम. भांड्याच्या कडेचं श्रीखंड ते इतकं स्वच्छ निपटून काढतं, की पूर्वी पातेलं चाटायला मिळायचं म्हणून थांबणारी नातवंडं हिरमुसतात. लसूण सोलायची रबरी नळी गंमत म्हणून ठीक. लसूण बोटांनीच सोलावा. भाज्या कापायचा दोरी ओढायचा डबा चांगला आहे, पण तो धुवायला लागणाऱ्या वेळात विळीवर दोन कोबी चिरून होतात. लिंबू पिळायचं यंत्र मी बोहारणीला देऊ केलं, तिने घेतलं नाही. बोहारणीच्या मताला मी फार मान देते. ती तारे देत नाही, पातेलं देते किंवा देत नाही.

आणि बिडाचा तवा. माझ्या अलीकडच्या वर्षांतली खरी मिळकत ही. सासूबाईंचा हा तवा माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता, वर गंजाची तांबूस साय. नॉनस्टिकच्या तव्यांना मी कंटाळले होते. त्यांच्यावरचं ते गुळगुळीत लेपन १९३८ साली रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला अपघाताने सापडलं, आणि तेव्हापासून ते पहिल्या दिवशी अप्सरा आणि वर्षभराने खरवडलेलं, असं वागत आलं आहे. बिडाचं उलट. पहिल्या दिवशी ते वैर धरतं. गंज घासून काढायचा, धुऊन विस्तवावर कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर निघेपर्यंत तापवायचा. पुन्हा तेल, पुन्हा धूर. तेल तापून तापून लोखंडाला धरून बसतं, त्याचा काळा, टणक, तुकतुकीत थर होतो. तेच त्याचं नॉनस्टिक. तेल जास्त झालं तर थर चिकट होतो, घाई केली तर धरत नाही.

पहिली घावनं तुटली. दुसऱ्या दिवशीचीही. घरात "घावनाचा उपमा" अशी टिंगल झाली. कोकणातल्या नणंदेने फोनवर सांगितलं, "अगं वहिनी, कांदा अर्धा काप, काट्याला टोच आणि त्याने तेल फिरव. आणि साबण लावशील तर बघ हं." कांदा लावला. मग एका सकाळी घावन कडेने आपोआप सुटलं, जाळीदार, पांढरंशुभ्र, आणि उलथणं नुसतं खाली सरकवलं तर सगळंच्या सगळं वर आलं. आता हा तवा वापरेल तितका सुधारतो. घरातली अशी दुसरी वस्तू मला दाखवा. फ्रिज नाही, सोफा नाही, माझे गुडघे तर नाहीतच. दोन पथ्यं मात्र: चिंचेचं, टोमॅटोचं आंबट त्यात शिजवू नये, थर उतरतो, आणि हातातून पाडू नये. बीड दणकट दिसतं पण ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर भंगतं. म्हणून हा तवा नवऱ्याने धुवायचा नाही असा नियम आहे. तो त्याने तंतोतंत पाळला आहे, इतर कुठलाही नियम पाळलेला नसताना.

त्याच माळ्यावर पितळेची पातेली निघाली. जाड, गोल पोटाची, तळाशी कुणाचं तरी नाव ठिपक्यांनी कोरलेलं. त्यांतल्या वरणाची चव वेगळी असते असं जुनी माणसं सांगतात. असेलही, सध्या खात्री करता येत नाही, कारण आतली कल्हई गेलेली आहे. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी केली की ती कळकते, हिरवट होते, आणि पोट बिघडतं. पूर्वी "कल्हेऽऽवाला" अशी हाळी यायची. आवारात खड्डा खणून तो भट्टी लावायचा, भाता चालवायचा. पातेलं लाल तापलं की नवसागर भुरभुरायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, कथलाची कांडी आत टेकवायचा आणि कापसाचा बोळा फिरवायचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे बघता बघता काळ्या पातेल्याचं पोट चांदीचं व्हायचं. मग पाण्यात चर्रर्र. आम्ही मुलं भोवती कोंडाळं करून बघत असायचो आणि आया वरून हाका मारत असायच्या. त्या काळात पाच तारे द्यायची सोय असती तर मी ते सगळे त्याला दिले असते.

तांबट आळीत भांडी नेऊन कल्हई करून आणता येईल, हे मला ठाऊक आहे. पण मला ती समोर होताना बघायची आहे, आणि सोसायटीतल्या पोरांना दाखवायची आहे. चेअरमनसाहेबांची आवारात भट्टी लावायला परवानगी मिळाली आहे, लेखी. तेव्हा पुण्यात, शक्यतो कोथरूड-कर्वेनगर भागात, भात्यासकट येणारा कल्हईवाला कुणाच्या माहितीत असेल तर कृपया संपादकांच्या पत्त्यावर कळवावं. आमची दोन पातेली आणि एक परात आहे, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा हंडा आहे, आणि विचारलं तर बाकीच्या माळ्यांवरूनही काही निघेल. कथील मात्र शुद्ध हवं. शिसं मिसळलेलं चालणार नाही.